गुंठ्याचा व्यवहार नियमित होईल, पण अडलेल्या पाण्याचं काय?

गोंदिया : शहरातून बाहेर निघालं की फुलचूर, कुडवा, कटंगी ही गावं कुठं सुरू होतात, हे आता नव्या माणसाला सांगावं लागते. शहर आणि गाव एकमेकांत मिसळून गेले आहेत. जिथं पावसाळ्यात रोवणी चालायची, तिथं मुरूम पडतो, चुन्याच्या रेघा मारल्या जातात आणि लेआऊटचा फलक लागतो. तालुक्याच्या गावांच्या वेशीवरही हळूहळू तेच सुरू झालं आहे.

त्यातच गावोगावी एक वाक्य फिरत आहे : "आता तुकडेबंदी उठली, एक गुंठाही घेता येते." हे वाक्य अर्धंच खरं आहे. उरलेल्या अर्ध्यात एखाद्याची आयुष्यभराची कमाई अडकू शकते.

नेमकं काय बदललं?

शेतीचे फार लहान तुकडे पडू नयेत म्हणून 1947 साली तुकडेबंदीचा कायदा आला. आपल्या जिल्ह्यासाठी ऑगस्ट 2023 पासून किमान क्षेत्र जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे असं आहे. 40 गुंठ्यांचा एकर, म्हणजे जिरायतीत अर्ध्या एकराच्या खालचा तुकडा वेगळा करून विकता येत नाही. विहीर, शेतरस्ता किंवा घरकुल लाभार्थ्याची जागा अशा ठरावीक कामांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीची सोय आहे, पण ती तेवढ्यापुरतीच.

तरीही लोकांनी गरजेपोटी गुंठा-दोन गुंठे घेतले आणि घरं बांधली. कुणाचं नाव सातबाऱ्यावर चढलंच नाही, तर कुणाचं 'इतर हक्क' या रकान्यात पडून राहिलं. असे व्यवहार नियमित करायला आधी बाजारमूल्याच्या 25 टक्के रक्कम भरावी लागायची. ऑक्टोबर 2024 मध्ये ती 5 टक्क्यांवर आली. नोव्हेंबर 2025 मध्ये सरकारनं अध्यादेश आणला आणि 15 नोव्हेंबर 1965 ते 15 ऑक्टोबर 2024 या काळातले व्यवहार कोणतंही शुल्क न घेता नियमित करण्याचा मार्ग मोकळा केला. ज्यांनी घरं बांधून वर्षं काढली त्यांच्यासाठी हा मोठा दिलासा आहे, त्यात शंका नाही.

पण हा दिलासा सरसकट नाही. तो नगर परिषद आणि नगर पंचायतीची हद्द, प्रादेशिक योजनेत निवासी किंवा इतर अकृषिक वापरासाठी दाखवलेली जमीन आणि गावठाणालगतचा परिघ, एवढ्यापुरता आहे. गावापासून दूर, पाटाच्या पाण्यावर पिकणाऱ्या बांधीला तुकडेबंदी आजही लागू आहे. तिथं आज कुणी स्टॅम्प पेपरवर गुंठा लिहून देत असेल, तर तो कागद घेणाऱ्याला मालक करत नाही.

विकणाऱ्याचं म्हणणंही ऐका

शेतकरी जमीन का विकतो, हे घरात बसून विचारणं सोपं आहे. साधा हिशेब करा. 2025-26 साठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये आहे. समजा एकरी 18 क्विंटल धान झालं, तर हाती येतात 42,642 रुपये, तेही सगळं धान हमीभावानं विकलं गेलं तर. त्यातून नांगरणी, पऱ्हे, रोवणीची मजुरी, खत, फवारणी, कापणी आणि मळणी वजा करा. मग मुलीचं लग्न, मुलाचं शिक्षण किंवा दवाखान्याचं बिल समोर आलं की रस्त्याकडेची जमीन विकायची पाळी येते. त्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही.

प्रश्न वेगळा आहे. धानाची जमीन एकट्याची असते, तिचं पाणी एकट्याचं नसते.

धुरा फुटला की कळते

कापसाचं वावर विकलं तर बहुतेक वेळा ते एकट्याचंच जाते. धानाचं तसं नाही. वरच्या बांधीतलं पाणी धुऱ्यावरून खालच्या बांधीत उतरते, तिथून पुढं नाल्याला किंवा बोडीला मिळते. मामा तलावाखालची सगळी शेती या उतारावर चालते. मध्येच दोन एकरांत तीन फूट मुरूम भरला की वरच्याच्या बांधीत पाणी तुंबते आणि पऱ्हे सडतात, खालच्याची बांधी कोरडी राहते. पैसे एकाला मिळतात, नुकसान चौघांचं होते. आणि प्लॉट घेणाऱ्याच्या अंगणातही पहिल्याच मोठ्या पावसात पाणी शिरते, कारण ती जागा मुळात पाण्याचीच वाट होती.

लेआऊटच्या नकाशात रस्ता, नाली आणि मोकळी जागा दिसते. शेजाऱ्याचं पाणी कुठून जायचं, हे मात्र गावातल्या म्हाताऱ्या माणसालाच माहीत असते. म्हणून मंजुरीच्या आधी गावानं बोललं पाहिजे. मुरूम पडून गेल्यावर बोलून फार काही हाती लागत नाही.

मग करायचं काय?

प्लॉट घेणाऱ्यांनी : फलकावर 'एनए' लिहिलं म्हणून भरवसा ठेवू नका. सातबारा, मंजूर लेआऊटचा नकाशा आणि अकृषिक वापराचे कागद स्वतः पाहा. जमीन भोगवटादार वर्ग-2 ची किंवा आदिवासी खातेदाराची असेल तर परवानगीशिवाय व्यवहार होत नाही. लेआऊट 500 चौरस मीटरपेक्षा मोठा आणि आठपेक्षा जास्त प्लॉटचा असेल तर महारेरा नोंदणी क्रमांक विचारा. तो मोबाईलवरच तपासता येतो.

जुना गुंठा असणाऱ्यांनी : खरेदी नोंदणीकृत असेल तर तलाठ्याकडे फेरफाराचं विचारा. नुसती नोटरी असेल तर मुद्रांक शुल्क भरून दस्त नोंदवावा लागेल. शुल्कमाफी नियमितीकरणाची आहे, मुद्रांकाची नाही.

शेजारच्या शेतकऱ्यांनी : कुणी बेकायदा भराव टाकून शेतातल्या पाण्याची नैसर्गिक वाट अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करा. फोटो काढून ठेवा, तारीख लिहून ठेवा.

ग्रामसभेनं : गावातल्या बोड्या, पाट, नाले आणि पांधण रस्ते नकाशावर दाखवून ठराव घेऊन ठेवा. उद्या लेआऊटची फाईल आली तर हाच कागद कामी येईल.

घरं लागणारच आहेत. कुटुंबं वाढली, गावठाण तेवढंच राहिलं. पण घर गावठाणाला लागून माळावर बांधायचं की पाण्याच्या वाटेवर, एवढं ठरवणं अजून गावाच्या हातात आहे. एकदा मुरूम भरलेली बांधी पुन्हा धान देत नाही.