नांव अपार्टमेंटचें, हवा कोंडवाड्याची

जुना वाडा पाडावा, त्या जागीं चार मजल्यांची इमारत उभी करावी, तिच्या कपाळीं ‘अपार्टमेंट’ हें नांव कोरावें आणि आपण मुंबईच्या पंक्तीस बसलों असें समजावें, हा प्रघात पुसदासारख्या तालुक्याच्या गांवांतील सुशिक्षितांच्याहि आतां अंगवळणीं पडला आहे. इमारतीस मजले आहेत, ही आमची तक्रार नाहीं. आमची तक्रार ही कीं, ज्या मुंबईची आपण नक्कल केली तिचें नांव आणि उंची तेवढी उचलली. ज्या शिस्तीच्या बळावर तिनें रहाण्याजोगीं घरें बांधलीं, ती शिस्त मात्र वेशीबाहेरच ठेवली.

मूळ वस्तु कशी होती हें आधीं पाहूं. १९३९ सालीं दुसरें महायुद्ध सुरू होण्यापूर्वींच्या दहापंधरा वर्षांत मुंबईस दादरची हिंदु कॉलनी, माटुंग्याची पांच उद्यानें, शिवाजी पार्क आणि ओव्हल मैदान यांच्या भोंवतीं ज्या इमारती उठल्या, त्या आजहि पहाणाराचें पाऊल थांबवितात. गोलाई दिलेले सज्जे, खिडक्यांवरून भुंवईसारखी धांवणारी सिमेंटची छज्जी, उंच छत, प्रशस्त जिना, आणि पुढें झाडांच्या सावलींतला शांत रस्ता. ओव्हलच्या पश्चिमेची रांग तर २०१८ सालीं जागतिक वारशाच्या यादींत गेली. हें वैभव पाहून आपल्यास वाटतें कीं, ही पैशाची किमया. तसें नाहीं. पैसा मुंबईस त्याआधींहि होता, आणि त्याच मुंबईंत माणसें अंधाऱ्या चाळींत गुदमरतहि होतीं.

या घरांचें बीज प्लेगांत आहे. १८९६ सालीं मुंबईस प्लेग आला. १८९८ सालीं शहरसुधारणेसाठीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. आणि दादर-माटुंग्याच्या वसाहती त्याच ट्रस्टच्या आंखणींतून निघाल्या. या ट्रस्टनें साडेत्रेसष्ट अंशांचा एक नियम धरला होता. सामान्य वाचकास तो असा सांगतां येईल: खिडकीसमोर जेवढी मोकळी जागा असेल, तिच्या फार तर दुपटीइतकी समोरची भिंत चढूं द्यावी, म्हणजे आकाशाचा उजेड खोलींत उतरेल. ट्रस्टच्या कारभारांत दोष पुष्कळ होते. जुनी वस्ती पाडून गरिबांस त्यानें बेघर केलें, हा आरोप खोटा नाहीं. पण शेजाऱ्याच्या खिडकींतील आकाश ही आपली मालमत्ता नव्हे, हें तत्त्व त्या कोनानें गणिताच्या भाषेंत सांगितलें. आम्ही ज्याला डौल म्हणतों तो या तत्त्वावर उभा आहे. छज्जी आणि गोलाई मागाहून आली.

आणि तो डौल कोणी विलायतेहून बांधून आणला नव्हता. गजानन बाबूराव म्हात्रे (१९०२–१९७३) या मराठी वास्तुकारानें ओव्हलसमोरील एम्प्रेस कोर्टासारख्या कितीतरी इमारती रचल्या. त्याच्या कामावर कमू अय्यर यांनीं २००० सालीं पुस्तक सिद्ध केलें. आपल्या शिकलेल्या घरांतून मात्र म्हात्र्यांचें नांव ठाऊक असलेला माणूस विरळाच. ज्याचें नांवहि माहीत नाहीं, त्याची नक्कल धड कशी व्हावी?

येथें दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, तीं घरें सुखवस्तूंची होतीं. होय, बहुतेक तशीच होतीं. शिवाय ‘हिंदु कॉलनी’, ‘पारशी कॉलनी’ हीं नांवेंच सांगतात कीं, त्या शांततेंत थोडी निवडानिवडहि होती. ती निवडानिवड आम्हांस नको. परंतु वारा आणि उजेड यांस जात नाहीं, आणि खिडकीसमोर मोकळी जागा सोडणें ही चैन नाहीं. दुसरा आक्षेप वाड्याच्या भक्तांचा. आपल्या छपरींतली बंगई, चौकांतलें तुळशीवृंदावन, मातीच्या भिंतींचा गारवा, हें सोडून मुंबईकडे पहावें कशाला? आम्हांसहि बंगई प्रिय आहे. पण त्याच वाड्यांतलें माजघर आणि बाळंतिणीची खोली किती अंधारी असे, हें घरांतील वृद्ध स्त्रियांस विचारावें. आणि परसांतील शौचकूप कोणी साफ करावा हें कोणत्या जातीच्या माथीं मारलें होतें, हें आपलें आपणांस विचारावें. निखिल राव यांनीं मुंबईच्या या वसाहतींवर लिहिलेल्या ग्रंथांत दाखविलें आहे कीं, शौचकूप घराच्या आंत घेणें हीच त्या काळीं अपार्टमेंटची मोठी नवलाई होती. म्हणून आम्ही वाड्याकडे परत चला असें म्हणत नाहीं. पुढेंच जावयाचें, तर धड पुढें जा, एवढेंच आमचें म्हणणें.

आतां आपल्या नकलेकडे वळूं. वैशाखांत पारा ४३-४४ अंशांवर जाणाऱ्या या मुलखांत दोन इमारतींच्या मध्यें हातभर फट सोडावयाची आणि तिला खिडकी उघडावयाची, याला काय म्हणावें? वाळ्याच्या कूलरला समोरून हवा बाहेर जाण्यास वाट लागते. ती नसली तर खोली थंड न होतां दमट होते. मग वातानुकूलनाचें यंत्र येतें, आणि त्याची उष्ण हवा त्याच फटींतून शेजाऱ्याच्या खिडकींत शिरते. एकाचा गारवा तो दुसऱ्याचा उन्हाळा! जागा महाग आहे, हें उत्तर मुंबईच्या तोंडीं शोभेल; पूस नदीच्या कांठीं, डोंगरांच्या कुशींत ऐसपैस वसलेल्या आपल्या गांवाच्या तोंडीं तें शोभत नाहीं. मात्र हें फार दिवस टिकणार नाहीं. वर्धा-यवतमाळ-पुसद-नांदेड लोहमार्गाचें काम चालूं आहे. गाडीची शिटी येथें ऐकूं येईल त्या दिवशीं जागेचा भाव काय होईल, हें सांगण्यास ज्योतिषी नको.

कायदा नाहीं म्हणावें तर तेंहि खरें नाहीं. १९४६ सालीं या गांवच्या नगरपालिकेचे अध्यक्ष झालेले वसंतराव नाईक पुढें १९६३ पासून १९७५ पर्यंत राज्याचे मुख्यमंत्री होते. नगररचनेचा १९६६ चा कायदा आणि अपार्टमेंटच्या मालकीचा १९७० चा कायदा, दोन्ही त्यांच्याच कारकीर्दींतले. राज्याची एकत्रित बांधकाम-नियमावली २०२० सालीं झाली व ती लहान नगरपालिकांसहि लागू आहे. उणीव नियमांची नाहीं. नियम मोडल्यावर तो दंड भरून कधीं नियमित करून मिळेल याची वाट पहाणाऱ्या आपल्या वृत्तीची आहे. आणि त्या वृत्तीचे धनी केवळ बांधणारे नव्हेत. सदनिका घेतांना आपण फरशी पहातों, नळाच्या तोट्या पहातों, चौरस फूट मोजतों. समोरची भिंत किती हातांवर आहे हें विचारीत नाहीं.

ज्या मुंबईचें आम्ही कौतुक केलें तिचाहि एक धडा कडू आहे. १९४७ च्या भाडेकायद्यानें भाडीं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधलीं. भाडेकरूस आसरा मिळाला, पण दुरुस्तीस पैसा उरला नाहीं, आणि चांगल्या इमारतीहि खंगल्या. आज त्यांतील कित्येक पाडून तेथें गगनचुंबी मनोरे उठत आहेत. मुंबईसच ज्याचा विसर पडूं लागला आहे तें आपण जपावें, यांत कमीपणा कोठला?

करावयाचें तें अवघड नाहीं. गांवाची विकास-योजना प्रसिद्ध होते तेव्हां हरकती व सूचना मागविल्या जातात. त्या लेखी द्याव्या. घर घेण्यापूर्वीं मंजूर नकाशा मागावा आणि सोडलेली जागा स्वतः टेप धरून मोजावी. नकाशाप्रमाणें ती नसेल तर बयाणा देऊं नये. गांवांतील पन्नास शिकलेल्या कुटुंबांनीं एवढा हट्ट धरला, तर पुढची इमारत बांधणारा खिडकीसमोर जागा सोडील. कारण न सोडल्यास त्याचें घर विकलें जाणार नाहीं.