अकरा महिन्यांचे नागरिक

महाराष्ट्रात भाडेकरू दोन जातींचे. एकाला कुणी हलवू शकत नाही, दुसऱ्याला कुणीही हलवू शकतं. पहिला गिरगावच्या चाळीत महिना दोनशे रुपये भरतो, दुसरा त्याच रस्त्यावरच्या टॉवरमध्ये साठ हजार. दोघांना लागू होणारा कायदा मात्र एकच: महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999. मी दुसऱ्या जातीची. हा कायदा आल्यापासून प्रत्येक सरकारने 'भाडेकरूंना न्याय' देण्याच्या गप्पा मारल्या. त्या न्यायात मला कधीच धरलेलं नव्हतं, हे एकदा उघड बोललेलं बरं.

पहिली जात सरकारनेच जन्माला घातली. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने 1 सप्टेंबर 1940 चं भाडं प्रमाणभूत म्हणून गोठवलं. युद्ध नुकतंच संपलेलं, फाळणीचे लोंढे, घरांची टंचाई. तेव्हा ते योग्यच होतं. पण आपल्याकडे तात्पुरती म्हणून आलेली व्यवस्था नातवंडांची लग्नं बघितल्याशिवाय जात नाही. मुदतवाढीला मुदतवाढ जोडत कायदा पन्नाशीला पोचला. डिसेंबर 1997 मध्ये, मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की हे गोठवलेलं भाडं आता कुठल्याच तर्कात बसत नाही. कलमं रद्द केली नाहीत, कारण कायद्याची मुदत 31 मार्च 1998 ला संपतच होती. सरकारने काय केलं? आणखी मुदतवाढ. मग 31 मार्च 2000 पासून नवा कायदा आणि त्यात भाड्याला वर्षाला चार टक्के वाढ. कशावर चार टक्के? त्याच गोठलेल्या आकड्यावर. शंभराला चार रुपये.

हिशेब करा. वीस खोल्या, प्रत्येकी दोनशे, म्हणजे महिन्याला चार हजार. एवढ्यात पाण्याचा पंप चालेल आणि झाडूवाल्याचा पगार निघेल. गच्ची गळायला लागली की मालक आभाळाकडे बघणार. मालकाचा मला पुळका नाही. उभ्या इमारतीपेक्षा तिच्याखालची मोकळी जमीन महाग, हे गणित त्याला पाठ असतं आणि म्हणून तो गळू देतो. भाडेकरू सोडत नाही, मालक दुरुस्त करत नाही आणि म्हाडा दर पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करून आपलं कर्तव्य बजावते.

पागडीचं तर विचारूच नका. 1947 च्या कायद्यात पागडी घेणं गुन्हा होता, तरी सगळी मुंबई घेत होती. 1999 च्या कायद्याने कलम 56 घालून ती राजरोस केली. बाजारभावाच्या जवळपास पैसे मोजून खोली घ्या, त्यातला साधारण तिसरा हिस्सा मालकाला द्या आणि पावतीवर 'भाडेकरू' म्हणूनच मिरवा. पैसे मालकाएवढे, जोखीम मालकासारखी, हक्क मात्र भाडेकरूचे. याला सुधारणा म्हणायचं.

रहिवाशांना खरी मालकी देण्याचा प्रयत्न एकदा झाला. म्हाडा कायद्याच्या 1986 च्या दुरुस्तीने उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या, इमारतीतल्या सत्तर टक्के भाडेकरूंना महिन्याच्या भाड्याच्या शंभरपट रक्कम भरून इमारत मागता येईल, असं ठरलं. मालक कोर्टात गेले. 1992 मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं आणि नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाचं उत्तर आलं 5 नोव्हेंबर 2024 ला. तेही तत्त्वाच्या प्रश्नाचं: प्रत्येक खासगी मालमत्ता समाजाचं भौतिक साधन, म्हणजे लोकहितासाठी सरकारने वाटून द्यायची गोष्ट, ठरत नाही. या बत्तीस वर्षांत चाळीतले किती अर्जदार वर गेले, ते विचारायला कुणी मोकळं नाही.

आता माझी जात. आमच्या कराराचं नाव लीव्ह अँड लायसन्स, मुदत बहुधा अकरा महिने. एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून ही पळवाट निघाली. महाराष्ट्रात 1999 च्या कायद्याच्या कलम 55 मुळे करार कितीही मुदतीचा असला तरी नोंदणी सक्तीची आहे. म्हणजे पळवाटेचं कारणच उरलं नाही, पण अकरा महिने उरले. का नाही उरणार? दर नव्या कराराला दलालाची दलाली, सरकारला एकूण भाड्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, वर शहरात हजार रुपये नोंदणी फी. एजंट घरी अंगठ्याचं यंत्र घेऊन येतो, आपण अंगठा टेकवतो, कॅमेऱ्याकडे बघतो आणि 'भिंतीला खिळा मारणार नाही' यासकट पाच पानं मान्य करतो.

ती पानं वाचून सही करा, कारण कलम 24 म्हणतं, लेखी करारात जे लिहिलंय तोच निर्णायक पुरावा. मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर दुप्पट रक्कम. मालकासाठी खास सक्षम प्राधिकारी, झटपट सुनावणी. मला बाजू मांडायची तर तीस दिवसांत आधी परवानगी मागायची. उत्तम. मालकाचं घर अडकू नये, हे मलाही मान्य आहे. पण माझी अनामत अडकली तर? मागच्या घरमालकाने रंगकामाच्या नावाखाली एका महिन्याच्या भाड्याएवढी रक्कम कापून घेतली. भिंती मी आले तेव्हाही पोपडे धरलेल्याच होत्या. त्या पैशांसाठी कुठला झटपट प्राधिकारी? कुठलाच नाही. दिवाणी दावा लावा, वकिलाला अनामतीपेक्षा जास्त द्या. अनामत किती घ्यावी, यालाही मर्यादा नाही. मालकासाठी लिफ्ट, माझ्यासाठी जिना, आणि तोही बांधायचा राहिलेला.

'मग स्वतःचं घर घ्या' म्हणणाऱ्यांनी नवी मुंबईत जाऊन यावं. 1970 मध्ये स्थापन झालेल्या सिडको या सरकारी महामंडळाने 95 गावांची जमीन संपादित केली आणि ती साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. वाशीत कोटभर रुपये मोजणारा, त्यावर पूर्ण मुद्रांक शुल्क भरणारा माणूस शेवटी सरकारचं कूळच. घर विकायचं तर सिडकोची एनओसी, तिचं हस्तांतरण शुल्क वेगळं. 2018 मध्ये सरकारने मोठ्या मनाने साठाची नव्व्याण्णव वर्षं करायचं ठरवलं. अर्थात एकरकमी शुल्क भरून. आपलीच वस्तू आपल्याला हप्त्याहप्त्याने विकण्याचं हे कौशल्य खासगी बिल्डरलाही जमलेलं नाही.

बिल्डरचंही तेच. 1963 च्या मोफा कायद्यानुसार सोसायटी स्थापन झाली की काही महिन्यांत जमीन तिच्या नावावर करायची, नाही केली तर तुरुंगाची तरतूद. बिल्डरांनी जमिनी दाबून ठेवल्या. पंचेचाळीस वर्षांनी, 2008 मध्ये, सरकारने दुरुस्ती केली: डीम्ड कन्व्हेअन्स, बिल्डरविना जमीन सोसायटीच्या नावावर. म्हणजे कायदा मोडणारा एसीत बसणार आणि सोसायटीचा सेक्रेटरी फाईल बगलेत मारून उपनिबंधकाच्या दारात उभा राहणार.

या सगळ्याचा अर्थ सोपा आहे. संरक्षण गरजेप्रमाणे मिळत नाही, मतदार यादीप्रमाणे मिळतं. चाळीतल्या तीन पिढ्यांची नावं एकाच यादीत असतात. त्यांना दुखवायची हिंमत कुठल्याच नगरसेवकात नाही. मी मात्र पत्ता बदलला की फॉर्म 8 भरायचा आणि नाव नव्या यादीत येईपर्यंत पुढचं घर शोधायचं. ज्याचं मत वॉर्डात टिकत नाही, त्याच्यासाठी कलम कोण लिहील? आणि चाळीतल्या त्या भाडेकरूला मिळालं तरी काय? गळकं छप्पर आणि पुनर्विकासाचं गाजर. वाद मिटला तर मतांचा गठ्ठा सुटेल, म्हणून तो मिटवायचाच नाही.

करायचं काय, हे शोधायला समिती नको. केंद्रीय मंत्रिमंडळाने 2 जून 2021 ला आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला. राहत्या घराला दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त अनामत नाही, घरात शिरण्याआधी मालकाची चोवीस तासांची सूचना, वाद साठ दिवसांत निकाली, आणि मुदत संपूनही न हलणाऱ्या भाडेकरूला आधी दुप्पट, मग चौपट भाडं. दोघांनाही चाप. जुन्या भाडेकरूंना तो लागू होत नाही, म्हणजे चाळीतल्या मतांनाही धक्का नाही. घरभाडं हा राज्याचा विषय, म्हणून स्वीकारायचा की नाही ते राज्यावर सोडलं. आपण अजून 1999 लाच कवटाळून बसलोय.

पागडीसाठी निराळा कायदा करा: रहिवाशाला मालकी, मालकाला रास्त मोबदला आणि दोन्हींना तारीख. सिडकोच्या घरांवरचा पट्टा काढा, पावती न फाडता. अनामतीच्या तक्रारीला एक खिडकी द्या, जिथे वकील लागणार नाही. एका अधिवेशनाचं काम आहे. ते जमत नसेल, तर पुढच्या जाहीरनाम्यात 'सर्वांना घर' लिहू नका. 'अकरा महिने, अटी लागू' एवढंच छापा. निदान कागदावर खरं बोलल्याचं पुण्य तरी मिळेल.