मुक्त फर्मवेअर आणि स्वामित्वसूचना





जुन्या संगणकांच्या मूळ रॉमऐवजी चालावे म्हणून स्वयंसेवकांनी नव्याने लिहिलेल्या मुक्तस्रोत फर्मवेअरच्या शिरोभागी जी स्वामित्वसूचना असते, ती निरर्थक होय, कारण जे सर्वांस खुले आहे त्यास मालक कशास हवा, असे प्रतिपादन करणाऱ्यांशी माझा तीव्र मतभेद आहे. खुलेपणा मालकीच्या अभावातून उत्पन्न होत नाही, तो मालकाने दिलेल्या परवान्यातून उत्पन्न होतो, आणि परवाना देणाराचे नाव खोडले की तो देण्याचा अधिकार त्यास होता याचा दाखलाच नाहीसा होतो.

अटारी एसटीसाठीच्या अशाच एका मुक्त फर्मवेअरचे, ‘एमुटॉस’चे, उदाहरण घ्या. अटारी एसटी या 1985 सालच्या संगणकाची ‘टॉस’ ही प्रणाली बव्हंशी डिजिटल रिसर्च या कंपनीच्या कामावर उभी होती, आणि ते काम पुढे ज्यांच्या हाती आले त्या कॅल्डेरा थिन क्लायंट्सने 1999 साली त्यातील ‘जेम’ची संहिता ग्नू परवान्याखाली खुली केली, अटारीने स्वतः केलेले फेरबदल मात्र त्यात अंतर्भूत नसल्याने ती उणीव, या संहितेवर ‘एमुटॉस’ उभारताना, तिच्या विकासकांना स्वतःच्या परिश्रमाने भरून काढावी लागली. म्हणूनच ‘एमुटॉस’च्या अनेक फाइलींत कॅल्डेराचे नाव, विकासकांचे नाव व साल आणि त्याखाली ‘ऐतिहासिक स्वामित्व’ या सदरात डिजिटल रिसर्चचे नाव, अशी परंपरा नोंदलेली दिसते. फेरफाराच्या नोंदवहीत जमिनीचा हक्क कोणाकडून कोणाकडे आला हे जसे उमगते, तसेच हे आहे. त्यातील एक ओळ गाळली तरी उद्या कज्जा उद्भवल्यास निरपराध विकासकावर चौर्याचा आरोप येईल.

यावर असा आक्षेप येतो की, काही यंत्रे परक्या कंपनीचे नाव आढळल्याखेरीज चालतच नाहीत. ते खरे आहे. ‘सेगा विरुद्ध अ‍ॅकोलेड’ या 1992 च्या अमेरिकी खटल्यात हाच प्रश्न होता: सेगाच्या खेळयंत्रावर चालवावयाच्या खेळात ‘SEGA’ ही चार अक्षरे नसतील तर यंत्र अडे, आणि असतील तर हा खेळ सेगाच्या परवान्याने निर्मिलेला आहे असा असत्य मजकूर पडद्यावर उमटे. अपील न्यायालयाने त्या असत्याचा दोष सेगाकडेच दिला. परंतु यंत्रास पटवण्यासाठी घातलेली अक्षरे निराळी आणि मनुष्याने वाचावयाची मालकीची नोंद निराळी; अशी अक्षरे घालणे भागच पडले तर त्यांचे प्रयोजन संहितेत तेथेच स्पष्ट लिहिले पाहिजे.

आणि असे फर्मवेअर आपल्या उत्पादनात भरून विकणाऱ्या व्यापाऱ्यांनी त्यातील सूचना जशाच्या तशा ठेवल्याच पाहिजेत; ग्नू परवान्याची ती अट आहे, आणि अट मोडणारास ती संहिता वितरित करण्याचा हक्क उरत नाही.

आपला,
एक वाचक