दिसायला निर्दोष, आतून ताणलेले

न्हावरे गावाच्या शिवारात उसाला ठिबक आले, तसा प्लॅस्टिकच्या साच्यातून निघालेल्या भागांशी शेतकऱ्याचा रोजचा संबंध आला: फिल्टरची टोपी, व्हॉल्व्ह, जॉइनर, कॉक. जवळच्या रांजणगाव औद्योगिक वसाहतीत फ्रिज, वॉशिंग मशीन आणि मोटारी बनतात. त्यांनाही असे असंख्य भाग लागतात. हंगामभर नीट चाललेला भाग कुणी न आपटता एके दिवशी तडकला, की दोष उन्हाला किंवा हलक्या प्लॅस्टिक दाण्याला दिला जातो. माझे म्हणणे असे, की पुष्कळदा या तड्याचे बीज भाग साच्यातून बाहेर पडतानाच त्याच्यात असते, आणि माल तपासून घेण्याची आपली रीतच त्याला खतपाणी घालते.

इंजेक्शन मोल्डिंगमध्ये वितळलेले प्लॅस्टिक मोठ्या दाबाने थंड साच्यात भरतात. भिंतीला टेकलेला थर लगेच गोठतो. गाभा मागाहून निवतो आणि आकसू पाहतो, पण गोठलेले कवच त्याला मनासारखे आकसू देत नाही. ही अडलेली आकसण म्हणजे भागात उरलेला ताण. साचा जितका गार, तितका हा ताण सहसा जास्त. पॉलिकार्बोनेट साधारण 280 ते 320 अंश सेल्सिअसला भरतात आणि साचा 80 ते 120 अंशांवर ठेवणे अपेक्षित असते. तोच साचा चिलरच्या गार पाण्यावर चालवला तर भाग लवकर निघतो, मापातही बसतो. ताण मात्र सोबत घेऊन निघतो. थंड व्हायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे 2 मिलिमीटरची भिंत 3 मिलिमीटर केली की तो सव्वादोन पट होतो. नगामागे दर ठरलेल्या छोट्या कारखानदाराला सेकंद वाचवायची जागा हीच सापडते.

त्याहून गंभीर गोष्ट होल्डिंग प्रेशरची, म्हणजे साचा भरल्यावरही प्लॅस्टिकवर धरून ठेवलेल्या दाबाची. जाड जागी पृष्ठभागावर खळगा दिसला, तर माल परत येतो. म्हणून ऑपरेटर दाब वाढवतो, खळगा भरून निघतो आणि माल पास होतो. पण गेट, म्हणजे साच्यात प्लॅस्टिक शिरण्याचे तोंड, गोठेपर्यंत कोंबल्या गेलेल्या प्लॅस्टिकने गेटजवळचा भाग ताणाने भरलेला असतो. डोळ्याला दिसणारा दोष न दिसणाऱ्या दोषात बदलला, एवढेच. पुढे तेल, ग्रीस किंवा साफसफाईचे रसायन लागले, स्क्रू आवळला गेला, की तडा तिथूनच सुरू होतो. कॅलिपर आणि वजनकाटा हा ताण दाखवू शकत नाहीत.

उन्हाने प्लॅस्टिक ठिसूळ होते, हा आक्षेप खरा आहे. पण ऊन सगळ्या उघड्या पृष्ठभागावर पडते. तडे मात्र नगामागून नग गेटपाशी, कोपऱ्यात, स्क्रूच्या भोकाशीच येत असतील, तर उत्तर साच्यात शोधले पाहिजे. दुसरा आक्षेप खर्चाचा. गरम साच्याने प्रत्येक नगाची सायकल, म्हणजे तो बनायचा वेळ, लांबते, हे मी नाकारत नाही. म्हणूनच त्या सेकंदांचे पैसे खरेदीदाराने दरात धरले पाहिजेत. तपासणीला मात्र फारसा खर्च नाही. पारदर्शक भाग दोन पोलरायझरच्या मध्ये धरला, की ताणाचे रंगीत पट्टे दिसतात. एबीएस प्लॅस्टिकचा नमुना तीव्र ॲसेटिक ॲसिडमध्ये थोडा वेळ बुडवला, की जास्त ताणाच्या जागी पांढरटपणा आणि चिरा येतात. प्रत्येक नग नव्हे, पाळीला दोन-चार नमुने पुरेत. भिंतींची जाडीच वेडीवाकडी ठेवली असेल तर कुठलीही सेटिंग तो भाग पूर्ण सावरू शकत नाही, हेही मान्य. अशा वेळी जाब डिझाइन करणाऱ्याला विचारावा, मशीनवरच्या माणसाला नव्हे.

2022 मध्ये केंद्र सरकारने रांजणगावसाठी इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन समूह मंजूर केला. तिथल्या उपकरणांची कव्हरे आणि कनेक्टर स्क्रूने आवळले जाणारे, रोज तापणारे-निवणारे असतील. त्यांचे नमुने मंजूर करताना मापांच्या शेजारी साच्याचे तापमान, होल्डिंग प्रेशर आणि थंड करण्याचा वेळ लिहून घ्यावा, आणि ते बदलले तर ताणाची चाचणी पुन्हा करावी, ही अट करारात आत्ताच घालता येईल. ठिबकच्या सरकारी अनुदानात बसणाऱ्या फिटिंग्जनाही तीच अट लावावी. तिथे तडा गेला की पाणी आणि हंगाम शेतकऱ्याचा जातो.