बाय-बाय म्हणा की राव!

हाँगकाँगला ऑनसाइट निघालेल्या पब्लिकच्या मोबाइलमध्ये 'कॅन्टोनीज शिका' छापाचं एखादं अ‍ॅप असतंच. त्यात निरोपाचं पहिलं उत्तर ठरलेलं: 'चोय कीन'. (च 'चोर'मधला, 'चंद्र'मधला नव्हे. हा उच्चार आपल्याला फुकटात मिळालाय!) अर्थ, पुन्हा भेटू. चूक आहे का? अजिबात नाही. पण शुक्रवारी संध्याकाळी बॅग उचलताना शेजारच्या मित्राला "पुनर्दर्शनाचा योग यावा" म्हणून बघा, तो काय चेहरा करतो ते.

लोक खरोखर म्हणतात ते 'बाय-बाय'. पहिला बाय उंच सुरात, दुसरा मधल्या. यावर आपले शुद्धतावादी लगेच नाक मुरडणार, "हे तर इंग्रजी, यात काय शिकायचं?" अहो, सहा सुरांच्या या भाषेने शब्द उचलला, त्याला स्वतःचे सूर लावले, लिहायला चिनी अक्षर दिलं. आता तो तिचाच. आपण 'टेबल' म्हणताना इंग्रजी बोलतो का? आणि 2021 च्या जनगणनेत हाँगकाँगच्या सुमारे 88 टक्के लोकांनी आपली नेहमीची भाषा कॅन्टोनीज सांगितली. एका बायने बुडणारी ही भाषा नव्हे.

खरी मजा पुढे आहे. पार्टीतून तुम्ही आधी उठलात तर 'चाउ सीन'. चाउ म्हणजे निघणे, सीन म्हणजे आधी. तुमचं चालू द्या, मी निघतो. आपण निघताना 'येतो' म्हणतो, ते सरळ 'निघतो' म्हणतात, पण अदब तीच. शिवाय 'आधी' हा शब्द इथे क्रियापदानंतर येतो, मँडरिनमध्ये तो अगोदर येतो. "मँडरिन शिक, सगळं एकच आहे" असा सल्ला देणाऱ्यांनी एवढं तरी बघावं.

आणि 'तक हान यम छा', म्हणजे सवड झाली की चहा घेऊ. हे आमंत्रण नाही बरं का! आपल्या "या एकदा घरी" सारखंच. ऐकल्या ऐकल्या कॅलेंडर उघडून "मंगळवारी चालेल?" विचारलंत की संपलं.

तेव्हा अ‍ॅपवाल्यांनो, पुढच्या व्हर्जनमध्ये निदान क्रम तरी बदला. बाय-बाय वर, चोय कीन खाली.