निम्म्या वाटेवरचा आंबा

गेल्या रविवारी मोत्याला घेऊन येळ्ळूरच्या गडाकडे गेलो होतो. गडावर गेलो होतो असे मात्र म्हणता यायचे नाही, कारण निम्म्या वाटेवरूनच परतलो. त्या निम्म्या वाटेची हकीकत या खेपेस वाचकांपुढे ठेवीत आहे.

मोत्या हा मूळचा आमच्या शाळेचा कुत्रा. तेरा वर्षांपूर्वी मध्यान्ह आहाराच्या पातेल्यांचा वास काढीत तो व्हरांड्यात आला आणि तिसरीच्या वर्गाबाहेर मुलांच्या चपलांवर अंग टाकून झोपी गेला. नाव मुलांनीच ठेवले. मराठी शाळेच्या आवारातल्या कुत्र्याला दुसरे कोणते नाव मिळणार? एप्रिलमध्ये शाळेला कुलूप लागले तेव्हा ‘सुट्टीपुरता’ म्हणून मी त्याला घरी आणले. ती सुट्टी अजून संपलेली नाही. निमुळते तोंड, आत गेलेले पोट आणि लांब पाय पाहून एका जाणत्याने याच्यात मुधोळचे रक्त आहे असा निर्वाळा दिला होता. मुधोळच्या घोरपडे राजांनी जोपासलेली ही शिकारी जात. २००५ साली तिचे टपाल तिकीटही निघाले. आमच्या मोत्याने उभ्या आयुष्यात एकही ससा धरला नाही. धावला मात्र पुष्कळांच्या मागे.

बेळगावबाहेरच्या वाचकांसाठी वाट सांगतो. शहराच्या दक्षिणेला वडगाव मागे पडले की येळ्ळूरचे शिवार सुरू होते. काळी, पाणी धरून ठेवणारी जमीन. तीत बेळगावचा बासमती पिकतो. भात फुलोऱ्यावर आले म्हणजे त्याचा वास सायकलवरून जाणाऱ्यालाही थांबवतो. गावापलीकडे राजहंसगड उभा आहे. आम्ही जुनी माणसे त्याला येळ्ळूरगडच म्हणतो. माथ्यावर तटबंदी, आत सिद्धेश्वराचे देऊळ. २०२३ साली तेथे शिवछत्रपतींचा पुतळा उभा राहिला. आता गडापर्यंत गाडीचा रस्ता आहे आणि सुट्टीच्या दिवशी माणसांची गर्दी असते. आमची दोघांची वाट निराळी होती. बांधाबांधाने जायचे, ओढा ओलांडायचा, एका जुनाट आंब्याखाली क्षणभर थांबायचे आणि मग करवंदीच्या जाळ्यांतून खडकाळ चढण चढायची. रविवारी खुंटीवरची कापडी पिशवी काढली की मोत्या दारात जाऊन उभा राही. इतर दिवशी तीच पिशवी बाजाराला नेताना तो मान वर करीत नसे. हे गणित त्याला कसे साधत असे, ते मला कधी कळले नाही.

गेल्या पावसाळ्यात तो फार पाणी पिऊ लागला. आम्हाला वाटले, म्हातारपण. मग अन्नावरची वासना उडाली, बरगड्या दिसू लागल्या. जनावरांच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितले की मूत्रपिंडे गेली आहेत. दोनतृतीयांशाहून अधिक भाग निकामी होईपर्यंत बाहेर फारसे काही दिसतच नाही, हेही त्यांनी सांगितले. माझ्या समाधानासाठी असावे. तेव्हापासून दिवसाआड घरीच सलाईन देतो. दिनदर्शिकेच्या खिळ्याला बाटली अडकवायची, दोन खांद्यांमधली सैल कातडी चिमटीत उचलायची आणि तिच्याखाली सुई सरकवायची. पाणी साठून पाठीवर वशिंडासारखा उंचवटा येतो व काही तासांत जिरून जातो. पन्नाशी उलटलेल्या, रक्त पाहून डोळे फिरवणाऱ्या मराठीच्या मास्तराला हे जमेल असे कोणालाही वाटले नव्हते. सुई टोचताना मोत्या माझ्याकडे पाहत नाही. भिंतीकडे पाहतो.

डॉक्टर वयाने तरुण, पण पोक्त बोलणारे. त्यांनी एक गोष्ट करायला सांगितली. “गुरुजी, रोज रात्री लिहून ठेवा, आजचा दिवस त्याला बरा गेला की वाईट. चार घास खाल्ले का, आपणहून उठला का, शेपटी हलवली का, एवढेच पाहायचे. वाईट दिवस जास्त होऊ लागले की मला कळवा.” शाळेतला एक कोरा हजेरीपट माझ्याकडे होता. बऱ्या दिवसाला ‘ह’, वाईटाला ‘गै’. ऑक्टोबरात एकोणीस ‘ह’ आणि बारा ‘गै’ भरले. नोव्हेंबराच्या पहिल्या पंधरा दिवसांत सहा आणि नऊ. आयुष्यभर हजेरीच्या बेरजा केल्या, पण बेरीज करताना हात थांबला तो याच वेळी.

म्हणूनच रविवारी निघालो. सौ. म्हणाली, “त्याला झेपायचं नाही.” मी ऐकले नाही. रिक्षाने शिवारापर्यंत गेलो व त्याला उचलून बांधावर ठेवले. सुगी ऐन भरात होती. निम्मे भात कापून पडले होते, खळ्यांवर मळणी चालू होती. पहिली दहा पावले मोत्या नुसता उभ्या उभ्या वास घेत राहिला. मग चालू लागला. ओढ्यापर्यंत जाण्यास आम्हाला पूर्वी दहा मिनिटे लागत. त्या दिवशी पाऊण तास लागला. ओढ्यात पाणी घोट्याएवढे होते. त्याने पाय घातला, काढून घेतला, आणि माझ्याकडे पाहिले. मी त्याला कडेवर घेऊन पलीकडे नेले. वजन दप्तराएवढे वाटले.

आंब्याखाली तो बसला. मी थोडा वेळ थांबलो, पिशवी हलवली, चढणीकडे चार पावले टाकून हाकही मारली. तो हलला नाही. तोंड गडाकडे करून, पुढच्या पायांवर मान टाकून पडून राहिला. खोटे कशाला बोलू? मला राग आला. त्याचा नव्हे, पण आला. मला तटबंदीपर्यंत जायचे होते. वर जाऊन एकदा खालचे शिवार दोघांनी मिळून पाहायचे, असे मी मनात योजले होते. त्याने असे काहीच योजले नव्हते.

शेजारच्या खळ्यावरून एक म्हातारी आली. तिने मोत्याला निरखून पाहिले आणि मला विचारले, “गुरुजी, म्हाताऱ्याला कशाला ओ चालवत आणलासा?” मला उत्तर देता आले नाही. तिने पदराआडच्या भाकरीचा तुकडा मोडून त्याच्यापुढे धरला. तीन दिवस ज्याने दूधभाताला तोंड लावले नव्हते, त्याने तो तुकडा खाल्ला. जाताना तिने नव्या पिंजराची पेंढी माझ्या हाती दिली. “थंडी पडायली. खाली घाला त्याच्या.”

तेथे तासभर बसलो. महाप्रस्थानाची कथा मी किती वर्षे शिकवीत आलो. द्रौपदी पडली, चौघे भाऊ पडले, कुत्रा तेवढा सोबत राहिला आणि त्याला टाकून स्वर्गाच्या रथात बसण्यास युधिष्ठिराने नकार दिला. मुलांना हे फार आवडते. पण त्या कथेतला कुत्रा आजारी नव्हता. शेवटची चढण तो स्वतःच्या पायांनी चढला. जो अर्ध्या वाटेवर बसतो, त्याला न टाकणे म्हणजे नेमके काय करणे, हे व्यासांनी युधिष्ठिराला विचारलेले नाही. आमची आई म्हणते, मुक्या जिवाचे मरण त्याचे त्याला येऊ द्यावे. आपण हात लावू नये. पुण्याहून मुलगी म्हणते, बाबा, तुम्ही त्याच्यासाठी थांबला आहात की स्वतःसाठी? दोघींचाही राग येत नाही. परंतु आई रात्री दोन वाजता त्याची ओकारी पुसायला उठत नाही आणि मुलगी पुण्यात असते.

संध्याकाळी घरी आलो. रात्री त्याने ती भाकरी ओकून टाकली. पटाच्या त्या दिवसाच्या चौकटीत काय लिहावे यावर सौ.चा आणि माझा थोडा वाद झाला. मी ‘ह’ लिहिले. सोमवारी ‘गै’, मंगळवारी ‘गै’. बुधवारी मधल्या सुट्टीत डॉक्टरांना फोन केला. ते कसे करणार, हे मी विचारून घेतले. आधी गुंगीचे इंजेक्शन, मग शिरेतून भुलीच्या औषधाची मोठी मात्रा. झोप लागते व त्या झोपेतच हृदय थांबते. आईला सौ.ने सांगितले. ती काही बोलली नाही. मात्र त्या दिवसापासून देवघरातून उठली की मोत्यापाशी जाऊन बसते.

शनिवारी शाळा सकाळची असते. दुपारी तीनची वेळ ठरली आहे. येळ्ळूरचा पिंजर मी त्याच्या पोत्याखाली घातला असून तो दिवसभर त्यावरच पडून असतो. डॉक्टर आले तरी त्याला तेथून हलवायचे नाही, असे आम्ही त्यांना सांगून ठेवले आहे.