विश्लेषण : फोन तुमच्या हातात, कॉल दुसऱ्याच्या कानात! ‘कॉल फॉरवर्डिंग’चा सापळा काय आहे?

‘कुरिअर आले आहे, पत्ता सापडत नाही. मेसेजमध्ये पाठवलेला कोड डायल करा, डिलिव्हरी बॉय लगेच फोन करील,’ असे सांगणारा कॉल येतो. कोड डायल केला की काही सेकंदांत त्या क्रमांकावर येणारे सगळे कॉल भलत्याच माणसाच्या फोनवर वाजू लागतात. लिंक उघडलेली नसते, ॲप घेतलेले नसते, ओटीपीही कुणाला सांगितलेला नसतो. तरीही व्हॉट्सॲप खाते हातचे जाते आणि नातेवाइकांना ‘तातडीने पैसे पाठव’ असे मेसेज जाऊ लागतात. केंद्रीय दूरसंचार विभागाने एप्रिल २०२४ मध्ये यातील एक वाट बंद केली. मात्र कॉल वळवण्याची मूळ सोय कायम आहे, आणि ती असायलाही हवी. मग कॉल वळतो कसा, तो परत कसा आणायचा आणि यात जबाबदारी कोणाची?

कॉल वळवण्याची सोय आली कुठून?

मुंबईत १८८२ मध्ये टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले. त्या काळात ऑपरेटर फलकावर वायर जोडून देत असे, तेव्हा दोन माणसांचे बोलणे होई. ‘डॉक्टर दवाखान्यात नाहीत, घरी फोन लावून देतो’ हे काम त्या ऑपरेटरच्या हातचे. १९६५ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सीमधल्या सुकासुना गावात संगणकीय प्रोग्रामवर चालणारे इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज सुरू झाले. जोडणीचे नियम आता तारांऐवजी स्मृतीत साठवता येऊ लागले. कॉल वेटिंग, कॉल फॉरवर्डिंग यांसारख्या सुविधा पुढे सर्वत्र पोहोचल्या त्या या बदलामुळे. मोबाइलच्या जीएसएम तंत्रज्ञानात तर त्यांचे कोडही जगभरासाठी ठरवून देण्यात आले. ऑपरेटर गेला आणि ‘कॉल कुठे पाठवू?’ हे ठरवणारी नोंद उरली.

कॉल नेमका वळतो कुठे?

बहुतेकांचा समज असा की फॉरवर्डिंग हे फोनमधले सेटिंग आहे. प्रत्यक्षात ती नोंद मोबाइल कंपनीच्या नेटवर्कमध्ये असते. प्रत्येक ग्राहकाची माहिती कंपनीच्या मध्यवर्ती नोंदवहीत ठेवलेली असते. कॉल आला की नेटवर्क आधी या नोंदवहीला विचारते : हा ग्राहक सध्या कुठे आहे, त्याचा कॉल कुठे द्यायचा? तेथे ‘सर्व कॉल अमुक क्रमांकाला द्या’ असे लिहिलेले असेल, तर कॉल मूळ फोनपर्यंत येतच नाही. त्यामुळे फोन बंद करून, दुसऱ्या हँडसेटमध्ये सिम घालून किंवा ‘फॅक्टरी रीसेट’ मारून काहीही होत नाही. फोन धुऊन पुसून नवा केला तरी नोंदवही जशीच्या तशी राहते.

फॉरवर्डिंगचे चार प्रकार आहेत. प्रत्येक कॉल थेट वळवणे (कोड २१), कॉल उचलला नाही तर वळवणे (६१), फोन बंद किंवा रेंजबाहेर असेल तर वळवणे (६२) आणि लाइन व्यग्र असेल तर वळवणे (६७). भामट्यांच्या कामाचा प्रकार अर्थातच पहिला. त्यात फोनची घंटीच वाजत नाही, म्हणजे संशयालाही जागा नाही.

होल्ड, ट्रान्सफर, पार्क यांपेक्षा हे वेगळे कसे?

कार्यालयातील ईपीएबीएक्सवर कॉल रोज इकडून तिकडे जातात. रिसेप्शनवरची व्यक्ती कॉल होल्डवर ठेवते, संबंधिताला विचारते आणि मग जोडून देते. काही वेळा न विचारता थेट पाठवते. रुग्णालये, कारखाने अशा ठिकाणी ‘कॉल पार्क’ असतो : कॉल एका ठरावीक क्रमांकावर ठेवला जातो आणि ज्याच्यासाठी आहे तो दुसऱ्या मजल्यावरच्या फोनवरून तोच क्रमांक फिरवून तो परत घेतो. शेजारच्या टेबलावर वाजणारा फोन आपल्या जागेवरून उचलण्यासाठी ‘कॉल पिकअप’ असतो.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. कॉल हलवताना त्या वेळी कुणीतरी माणूस जागेवर असतो आणि आपण काय करतो आहोत हे त्याला माहीत असते. फॉरवर्डिंगमध्ये निर्णय एकदाच होतो. त्यानंतर येणारा प्रत्येक कॉल कुणालाही न विचारता जातो. खरा धोका इथे आहे.

अर्थात, माणूस जागेवर असला तरी त्याला फसवता येते. ‘कॉल मर्ज’ प्रकारात भामटा बोलता बोलता सांगतो, ‘आपल्या मित्राचा कॉल येतोय, तो मर्ज करा.’ तो दुसरा कॉल मित्राचा नसतो, बँकेच्या यंत्राचा असतो आणि ते यंत्र ओटीपी वाचून दाखवत असते. तिघांच्या या बोलण्यात ओटीपी आयताच भामट्याच्या कानावर पडतो. या प्रकाराबाबत २०२५ च्या सुरुवातीला ‘यूपीआय’च्या अधिकृत समाजमाध्यम खात्यावरून इशारा देण्यात आला होता.

फक्त कॉल वळवून खाते कसे ताब्यात जाते?

फॉरवर्डिंगमुळे एसएमएस वळत नाहीत. ते मूळ सिमवरच येतात. मग ओटीपी चोराला मिळतो कसा? उत्तर सोपे आहे. अनेक सेवांमध्ये ‘एसएमएस आला नाही? कॉलवर कोड मिळवा’ असा पर्याय असतो. व्हॉट्सॲपचा सहा आकडी कोडही कॉलवरून मिळतो. भामटा आपल्या फोनवर पीडिताच्या क्रमांकाने व्हॉट्सॲप सुरू करतो आणि कॉलचा पर्याय निवडतो. यंत्र पीडिताचा क्रमांक लावते, नेटवर्क तो कॉल भामट्याकडे वळवते आणि यंत्र त्याला कोड वाचून दाखवते. बँकेने संशयास्पद व्यवहाराच्या खातरजमेसाठी फोन केला, तर तोही त्याच्याकडेच जातो. ‘होय, मीच बोलतोय’ म्हणायला तो तयारच असतो.

एकेकाळी बिलामुळे तरी हा प्रकार उघड झाला असता. कारण वळवलेल्या कॉलचा पुढच्या टप्प्याचा आकार ज्याने कॉल वळवला त्याच्या खात्यावर पडतो. आता अमर्यादित कॉलच्या पॅकमध्ये ही खूणही दिसेनाशी झाली आहे.

सरकारने काय केले?

दूरसंचार विभागाने २८ मार्च २०२४ रोजी मोबाइल कंपन्यांना आदेश दिला. त्यानुसार *४०१# या कोडने चालणारी यूएसएसडी आधारित फॉरवर्डिंग सेवा १५ एप्रिल २०२४ पासून पुढील आदेशापर्यंत थांबवण्यात आली. ज्यांनी या मार्गाने सेवा घेतली होती, त्यांना ती अन्य मार्गाने पुन्हा सुरू करण्यास सांगावे, असेही त्यात होते.

आदेश योग्यच होता. पण त्यातून एक दरवाजा बंद झाला, घर तेच राहिले. फॉरवर्डिंग फोनच्या सेटिंगमधूनही सुरू करता येते. कोड चालला नाही, तर ‘सेटिंगमध्ये जा, मी सांगतो तो नंबर टाका’ असे सांगायला भामट्याला कितीसा वेळ लागणार? शिवाय सोय सरसकट बंद करणेही परवडणारे नाही. शस्त्रक्रियेला जाणारा डॉक्टर, दोन सिम सांभाळणारा दुकानदार, रेंज नसलेल्या कोकणातल्या वाडीत सुट्टीला जाऊन घरच्या लँडलाइनवर कॉल वळवणारा चाकरमानी अशा अनेकांना ती लागते.

कॉल परत कसे आणायचे?

*#२१# डायल केल्यास सर्व कॉल वळवले आहेत का, हे कळते. *#६१#, *#६२# आणि *#६७# हे उरलेल्या तीन प्रकारांसाठी. सर्व फॉरवर्डिंग एकदम रद्द करण्याचा कोड ##००२# आहे. कोड चालला नाही, तर फोनच्या कॉल सेटिंगमध्ये ‘कॉल फॉरवर्डिंग’ तपासावे किंवा कंपनीच्या १९८ या तक्रार क्रमांकावर फोन करावा.

दोन गैरसमज मात्र टाळावेत. *#६२# वर अनोळखी क्रमांक दिसला की अनेकजण घाबरतात. तो बऱ्याचदा कंपनीच्याच ‘मिस्ड कॉल अलर्ट’ सेवेचा असतो. ##००२# दाबल्यावर ही सेवाही थांबू शकते. आणि ‘या कोडने फोन टॅप होतोय का ते कळते’ हा व्हॉट्सॲपवर फिरणारा दावा चुकीचा आहे. हे कोड फक्त फॉरवर्डिंगची स्थिती सांगतात.

व्हॉट्सॲप गेले असेल, तर क्रम महत्त्वाचा. आधी फॉरवर्डिंग रद्द करावे, मगच आपल्या फोनवर खाते पुन्हा सुरू करावे. उलट केल्यास कॉलवरचा नवा कोडही चोराकडेच जाईल. त्याने मध्येच ‘टू-स्टेप’ पिन लावला असेल, तर खाते पूर्ण परत मिळण्यास सात दिवस थांबावे लागू शकते. म्हणूनच हा पिन आजच लावलेला बरा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करावी. नुसता संशयास्पद कॉल आला असेल तर ‘संचार साथी’वरील ‘चक्षू’ सुविधेत तो कळवता येतो.

जबाबदारी फक्त ग्राहकाची?

‘सावध राहा’ हा सल्ला बरोबर आहे, पण पुरेसा नाही. सत्तरीतल्या आजोबांनी चांदण्या आणि जाळीच्या चिन्हांचा अर्थ लावत बसावे, ही अपेक्षा अन्यायकारक आहे. उपाय नेटवर्ककडे आहेत आणि ते फार अवघडही नाहीत.

पहिला, ‘सर्व कॉल वळवा’ ही विनंती आली की ग्राहकाला त्याच्या भाषेत एसएमएस जावा आणि त्याने होकार दिल्यावरच ती लागू व्हावी. एसएमएस वळत नसल्याने तो खऱ्या मालकाकडेच पोहोचेल. दुसरा, फॉरवर्डिंग सुरू असेपर्यंत दर काही दिवसांनी आठवण करून द्यावी. तिसरा उपाय बँका आणि ॲप कंपन्यांसाठी. इंटरनेट आधारित कॉल यंत्रणेत ‘हा कॉल वळवला जात आहे’ असे कॉल करणाऱ्याला सांगणारा १८१ क्रमांकाचा संकेत प्रमाणित आहे. हा संकेत शेवटपर्यंत पोहोचवणे कंपन्यांना बंधनकारक केले, तर ओटीपी सांगणाऱ्या यंत्राला वेळीच फोन ठेवता येईल.

असे नियम करणे नवे नाही. सिम बदलल्यावर सात दिवस क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही, हा ‘ट्राय’चा नियम १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्यामागचा विचार हाच की मोबाइल क्रमांक ही आता माणसाची ओळख आहे आणि ती हलवताना थोडे थांबायला हवे. सिमला जो न्याय, तोच कॉलला हवा. जुना ऑपरेटर कॉल दुसरीकडे जोडण्याआधी निदान ‘जोडू का?’ असे विचारत असे. आजच्या नेटवर्कने तेवढे तरी विचारायला हवे.